कांद्याच्या पोटातील फूल

नाशिकच्या इंदिरानगरातील एखाद्या घरी टोपलीत विसरून राहिलेल्या कांद्याला माती नाही, पाणी नाही. तरीही त्यास हिरवा कोंब फुटतो. गृहिणी तो चिरून टाकते. शेतकऱ्याने मात्र तेथे क्षणभर थांबून विचार करावा, इतके नवल त्यात आहे.

कांदा हे मूळ नव्हे. तळाची चपटी थाळी हे त्याचे खोड, मांसल पापुद्रे ही त्याची पाने, आणि मध्यभागी असतो डोळा. पहिल्या हंगामात पाने अन्न साठवितात. दुसऱ्या हंगामात थंडी लागली म्हणजे त्या शिदोरीवर फुलांचा दांडा वर येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेल्या कांद्यास जानेवारी-फेब्रुवारीत पांढरे गोंडे धरतात. प्रत्येक फुलातील पराग आधी झडतात व स्त्रीकेसर मागाहून पक्व होतो. म्हणून हे काम मुख्यतः मधमाशीवर अवलंबून असते.

हेच फूल खाण्याच्या कांद्यास अकाली आले, तर त्यास आपण डेंगळा म्हणतो. कांदा पोसत नाही, टिकत नाही, त्यास भावही येत नाही. अशा डेंगळ्यांचेच बी धरण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती सोडलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण लवकर फुलण्याचा गुण बियांतून पुढील पिकात उतरतो.

भाव चढा असता निवडक कांदे बाजारात न्यावेत व उरलेले बियास ठेवावेत, असा मोह होतो हे खरे. परंतु एका हेक्टरास आठ ते दहा किलो बी पुरते. एवढ्या बियासाठी ठेवावयाचे कांदे थोडे. त्यांवर अवलंबून असते मात्र सारे शेत. पिंपळगाव बसवंत येथे तयार झालेला ‘एन-२-४-१’ हा रब्बी वाणदेखील स्थानिक कांद्यांतून निवड करूनच हाती आला, हे विसरू नये.

म्हणून शेतकरी बंधूंनी मध्यम आकाराचे, बारीक मानेचे, एकसारख्या रंगाचे कांदे राखावेत. जोडकांदे वगळावेत. दुसऱ्या वाणाच्या बीजप्लॉटपासून किमान एक किलोमीटर अंतर ठेवावे. गोंडे फुलले असता कीटकनाशकाची फवारणी टाळावी. कांद्याचे बी वर्षभरात उगवणशक्ती गमावू लागते. म्हणून ही निवड एकदा करून भागत नाही, दरवर्षी करावी लागते.