नात्याचा रकाना

किहीमच्या एका कॉटेजचं जुनं रजिस्टर. पानं खाऱ्या हवेने फुगलेली, कोपरे कसरीने खाल्लेले. सहायक पोलीस निरीक्षक ते चाळतोय, कारण खून झालेला जमिनीचा एजंट एके काळी गिऱ्हाईकं घेऊन इथेच उतरायचा. चाळता चाळता २०१३ च्या नोव्हेंबरातल्या एका पानावर साहेबांना स्वतःचंच अक्षर दिसतं. दोन नावं, पत्ता, आल्याची वेळ, आणि ‘नातं’ या रकान्यात लिहिलेलं : मामेभाऊ. समोर हवालदार उभा आहे, कॉटेजवाला चहा घेऊन येतोय. साहेब पान उलटतात.

दचकू नका, असला खून आपल्या तालुक्यात झालेला नाही. हे एका कादंबरीच्या हस्तलिखितातलं छत्तिसावं पान आहे. लिहिणारा मुलगा इथलाच. आठवडाभर मुंबईत नोकरी, शनिवारी बोटीने घरी. हे सदर तो वाचतो. ‘कोर्टाची पायरी’ लिहिणाऱ्या माणसाला कायद्यातल्या चुका दिसतील म्हणून तीनशे दहा पानांची फाइल घेऊन आला. ‘‘काका, फक्त कायद्याचं बघा. बाकी मला कळतं.’’

गोष्ट थोडक्यात अशी. अलिबागच्या कॉलेजातले दोन मित्र. मित्र हा शब्द दोघांच्याही घरी पुरला, आणि पुढे तोच फास झाला. डिसेंबर २०१३ मध्ये दोघं तुटले. एक पोलिसात गेला, दुसरा एका पुढाऱ्याच्या ऑफिसात राहून त्याच्या निवडणुका सांभाळू लागला. अकरा वर्षांनी साहेबांची बदली किनाऱ्यावरच्या सागरी पोलीस ठाण्यात होते, दोघं पुन्हा भेटतात, आणि ज्या रात्री ते पुन्हा एकत्र येतात त्याच रात्री एजंटचा खून पडतो. संशय येतो तो पुढाऱ्याच्या माणसावर. तो त्या वेळी कुठे होता हे सांगू शकणारा जगात एकच साक्षीदार आहे, आणि तपासही त्याच्याकडेच आहे.

मी विचारलं, ‘‘प्रेमकथाच लिहायची होती तर खून कशाला हवा?’’

म्हणाला, ‘‘आमच्या गोष्टीत शेवटी कुणीतरी मरतंच ना काका. तेंडुलकरांची मित्रा घ्या. म्हणून म्हटलं, या वेळी मरणारा तिसराच असू दे.’’

‘मित्राची गोष्ट’ १९८१ ची. त्याला चाळीस वर्षांहून जास्त काळ लोटला. मुलाचं म्हणणं मला नाकारता येईना.

पहिली चूक मात्र कायद्याची नाही, समुद्राची निघाली. याने दोघांना पौर्णिमेच्या मध्यरात्री कुलाबा किल्ल्यात चालत नेलंय. अरे, तू अलिबागचा ना? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेला अकरा-बाराच्या सुमाराला उधाणाची भरती, किल्ल्याच्या वाटेवर डोक्यावरून पाणी. चालत जायचं तर सहाच्या ओहोटीला. ‘अलिबागसे आया है क्या’ या वाक्प्रचारावर बंदी घाला म्हणून आपल्याकडचे एक गृहस्थ २०१९ मध्ये उच्च न्यायालयात गेले होते. याचिका फेटाळली गेली ते ठीकच झालं, म्हटलं तुझ्यासारख्यांसाठी तो वाक्प्रचार शिल्लक राहायला हवा. पोरगं हसलं आणि समासात टिपून घेतलं.

डिसेंबर २०१३ त्याने सहज निवडलेला नाही. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञानांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांपुरतं कलम ३७७ बाजूला केलं. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते परत जागेवर आणून ठेवलं. मग ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ते पुन्हा काढलं. आता नव्या न्याय संहितेत ते कलमच नाही. वकिलांच्या दृष्टीने ही निकालांची मालिका. पण त्या साडेचार वर्षांत कुणी कुणाला शब्द दिला असेल आणि निकालाच्या संध्याकाळी तो मागे घेतला असेल, तर त्यांची गोष्ट कुठल्याच लॉ रिपोर्टात छापून येत नाही. हस्तलिखितात ती आहे. पहिल्या वेळी दोघं पीएनपीच्या बोटीने आणि मांडव्याहून तिकिटातच धरलेल्या बसने येतात. दुसऱ्या वेळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोमध्ये गाडी चढवून. मधल्या काळात काय काय बदललं हे सांगायला त्याला एवढं पुरलं. ते मला आवडलं.

मी थांबलो तो ‘अन्यत्र उपस्थिती’वर. इंग्रजी कोर्टबोलीत अलिबी. अलिबागच्या बार रूममध्ये या शब्दावरून जे विनोद होतात ते इथे छापण्यासारखे नाहीत. गुन्ह्याच्या वेळी मी दुसरीकडे होतो असं आरोपी म्हणतो, तेव्हा ते शाबीत करण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. आणि हे जितक्या लवकर सांगाल तितकं बरं, खटला उभा राहिल्यावर आठवलेल्या हजेरीवर कोर्टाचा विश्वास बसत नाही. आता नेहमीचा आरोपी घ्या. त्याची बायको पिंजऱ्यात येते आणि सांगते, ‘‘हे रात्रभर घरीच होते.’’ बायकोच ती, असंच बोलणार, म्हणून कोर्ट तिचं म्हणणं पारखून घेतं. पण तू रात्रभर त्याच्याबरोबर काय करत होतीस, असं तिला कुणी विचारत नाही. आमच्या कादंबरीतल्या माणसाला उलटतपासणीचा पहिलाच प्रश्न तो असणार, आणि उत्तराआधी गॅलरीत हशा पिकणार. मी ते हसणं ऐकलेलं आहे. वेगळ्या खटल्यात, पण हसण्याची जात तीच.

दुसरी गोष्ट त्याला माहीतच नव्हती. नवरा-बायको लग्नाच्या काळात एकमेकांशी जे बोलतात ते उघड करायला कोर्ट त्यांना भाग पाडू शकत नाही, बोलणाऱ्याच्या संमतीशिवाय परवानगीही देत नाही. आधी पुरावा कायद्याचं कलम १२२, आता साक्ष्य अधिनियमाचं १२८. अपवाद आहेत, पण तत्त्व जुनं आहे : उंबऱ्याच्या आतलं बोलणं आतच राहू द्यावं. या दोघांना तो उंबराच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की समलिंगी जोडप्यांना विवाहाचा मूलभूत हक्क नाही, विशेष विवाह कायद्यात हवा तर बदल संसदेने करावा. फेरविचाराच्या याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. म्हणजे या दोघांचे अकरा वर्षांनंतरचे मेसेज पंचांसमक्ष वाचले जातील, त्यांच्या प्रिंट दोषारोपपत्राला जोडल्या जातील, प्रत्येक आरोपीला एकेक संच मिळेल, आणि त्यातला एक संच दुपारपर्यंत चहाच्या टपरीवर पोहोचेल. लेखकाने एका परिच्छेदात उरकलेलं हे मी त्याला प्रकरणभर लिहायला सांगितलंय.

नात्याला काय नाव दिलं यावर अख्खा तपास फिरतो, हे आपल्या जिल्ह्याने पाहिलेलं आहे. २०१२ च्या मे महिन्यात पेण तालुक्यात, गागोद्याजवळच्या रानात, एक जळालेलं प्रेत सापडलं. गागोदे म्हणजे विनोबांचं जन्मगाव. तेव्हा खुनाचा गुन्हासुद्धा नोंदला गेला नाही. तीन वर्षांनी मुंबई पोलिसांनी शीना बोरा प्रकरण उघडलं, तेव्हा देशाला धक्का बसला तो प्रेतापेक्षा एका शब्दाचा. जिची ओळख आईने जगाला आपली बहीण म्हणून करून दिली होती, ती तिची मुलगी होती. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, त्यावर मी पुढे बोलणार नाही.

कादंबरीतल्या दोघांसारखं खरं उदाहरण हवं असेल तर ते किनाऱ्यावरचं नाही, अलीगढचं आहे. श्रीनिवास रामचंद्र सिरस. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे, मराठीत कविता लिहिणारे प्राध्यापक. ८ फेब्रुवारी २०१० ला कॅमेरेवाले त्यांच्या खोलीत घुसले. बरोबर एक रिक्षा ओढणारा माणूस होता. दिल्लीचा निकाल लागून सात महिने झाले होते, पण विद्यापीठाने निलंबित केलं ते सरांनाच. निवृत्तीला काही महिने उरले होते. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या खोलीत मृत सापडले. शरीरात विषाचे अंश मिळाल्याचं सांगत पोलिसांनी गुन्हा नोंदवला, विद्यापीठातल्या काही अधिकाऱ्यांची आणि पत्रकारांची नावं आली, अटका झाल्या, आणि पुराव्याअभावी प्रकरण मिटलं. हंसल मेहतांच्या चित्रपटामुळे सर आपल्याला माहीत झाले. त्या दुसऱ्या माणसाचं सर गेल्यावर काय झालं असेल, हे कुणी कुणाला विचारायचं? कागदोपत्री तो त्यांचा कुणीच नव्हता.

राजकारणाचा भाग मी पटकन वाचून काढणार होतो. कादंबरीतला पुढारी म्हणजे सहसा मिशी, पांढरे कपडे आणि खदखदा हसू. या मुलाने वेगळं केलंय. एजंटचा खून सीआरझेडमधल्या, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्यातल्या, एका बंगल्याच्या व्यवहारातून झालाय, आणि किहीमचा नीरव मोदीचा बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला त्याची धूळ या व्यवहारावर अजून बसलेली आहे. सातबारे कुणाच्या नावावर, हे पुढाऱ्याच्या माणसाला ठाऊक आहे. तो पोलिसांकडे तोंड उघडायला निघतो तेव्हा पुढारी त्याला बोलावून घेतो, नारळपाणी देतो आणि म्हणतो, ‘‘तुझं काय ते मला सहा वर्षांपासून माहीत आहे. मी कधी बोललो? मग तूपण बोलू नकोस.’’ संपूर्ण फाइलमधलं सगळ्यात खरं पान. पुढारी असल्या गोष्टीचा तिरस्कार करत बसत नाही, मुदत ठेवीसारखी ती जपून ठेवतो आणि वेळ आली की मोडतो. उघडपणे बोलणारेही आहेत. राष्ट्रवादीने ऑक्टोबर २०२० मध्ये एलजीबीटी सेल काढला. सुप्रिया सुळेंनी २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात बदल सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. पुढच्याच वर्षी पक्ष फुटला, आणि आपल्याकडे त्यानंतर कोण कुठल्या गटात याच्या याद्या सोडून कशाचीच चर्चा झाली नाही.

एक दुरुस्ती मी सुचवली ती त्याने ताबडतोब घेतली. शवागाराच्या दारात एक बाई थांबलेली आहे, एजंटची बायको. ती प्रेत ताब्यात घेण्याच्या कागदावर सही करते आणि साहेब ते बघत राहतात. मी म्हटलं, इथे साहेबांच्या डोक्यात काय येत असेल ते लिही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने राज्यांना कळवलंय की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव मागता यावं. रेशनकार्डावर एक घर म्हणून धरावं आणि बँकेत संयुक्त खातं काढता यावं, हेही त्याच सुमाराला आलं. ‘नातेवाईक नसतील तर’. आपल्या गावात नातेवाईक नसलेला माणूस मिळेल का? जिवंतपणी वळून न पाहणारे चार चुलते प्रेतासाठी ट्रॅक्स करून येतात.

हे सगळं नवं आहे असंही कुणी समजू नये. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला तो ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्यांत समलिंगी संबंधांचे प्रश्नही होते. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. आंबेडकर. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. कर्वे मुरूडचे, पण आपल्या जंजिऱ्याच्या मुरूडचे नव्हेत, दापोलीच्या. हा घोळ आमचे काही वक्ते दर वर्षी घालतात आणि टाळ्याही मिळवतात.

मुलाने मला जाताना ‘साबर बोंडं’ बघायला लावला. रोहन कानवडेंचा चित्रपट, जानेवारी २०२५ मध्ये सनडान्सला मोठं पारितोषिक घेऊन आलेला. मुंबईचा मुलगा वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो आणि लहानपणचा मित्र त्याला पुन्हा भेटतो. पुन्हा मिळालेली संधी हीसुद्धा, पण तिथे ना पोलीस ना पुढारी. लग्नाचं कधी, एवढाच प्रश्न चहूबाजूंनी, आणि तोही उलटतपासणीपेक्षा सौम्य नाही. मी मुलाला म्हटलं, यांना जमलं की बिनखुनाचं. म्हणाला, ‘‘काका, त्यांच्या गावात सीआरझेड नसेल.’’

शेवटचा मुद्दा खरोखर कायद्याचा. संशयिताशी संबंध असलेल्या अधिकाऱ्याने तपास स्वतःकडे ठेवता कामा नये. पहिल्या खर्ड्यात साहेब तो ठेवतात, पुरावे शोधतात, खरा खुनी पकडतात, सगळं गोड. मी म्हटलं, बचावाचा कुठलाही वकील या एका गोष्टीवर खुन्याला सोडवून नेईल, मीसुद्धा नेईन. साहेबांनी पोलीस अधीक्षकांना अर्ज करायला हवा की तपास दुसऱ्याकडे द्यावा. आणि अर्जात कारण लिहावं लागतं. ते लिहिलं की मित्र सुटतो आणि साहेबांनी अकरा वर्षं झाकलेलं सगळं एका जावक क्रमांकावर चढतं. नाही लिहिलं तर मित्र आत. मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग अर्जाचा नमुना मागितला. मी दिला : प्रति, विषय, संदर्भ, महोदय.

दुसरा खर्डा परवा आला. कुलाबा किल्ल्याची वाट आता संध्याकाळी सहाला मोकळी होते. अर्ज दोनशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर आहे, आणि कारणापुढे साहेबांनी एकच शब्द लिहिलाय : वैयक्तिक. मी पेन्सिलीने बाजूला प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. असल्या अर्जावर वरून हमखास शेरा येतो, ‘खुलासा करावा’.