कोणी सांगितलं, हे आधी विचारा

रमजानचा चंद्र अजून दिसायचा असतो आणि मोबाइलवर तो संदेश येऊन पडतो. रमजानची खबर जो सर्वांत आधी दुसऱ्याला देईल, त्याच्यावर जहन्नमची आग हराम होईल. खाली प्रेषितांचे (स.) नाव. काही वर्षांपूर्वी मीही तो कळंबच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवला होता. पाठवताना खटकले होते. एका बोटाने जन्नत मिळत असेल, तर महिनाभर रोजे कशाला? पण नाव प्रेषितांचे, म्हणून शंका घ्यायला मन धजावले नाही. अम्मीला वाचून दाखवला. तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, ‘‘कौन बोला रे? कौनसी किताब में है?’’

शोधले. कोणत्याही विश्वसनीय हदीस संग्रहात तो नाही. उलेमाही कधीपासून हेच सांगत आहेत. उलट, जाणूनबुजून प्रेषितांच्या नावावर खोटे खपवणाऱ्याचे ठिकाण जहन्नम आहे, ही ताकीद मात्र सहीह बुखारीत आहे. म्हणजे ज्या आगीपासून सुटायला आपण मेसेज पाठवतो, त्याच आगीकडे बोट नेतो!

हा मेसेज निदान कोणाचा जीव घेत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठेचून मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेवर पोट भरणारी माणसे. बहुतेक आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत तर कराचीतल्या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. तिच्यात शेवटी मूल परत आणून सोडतात. कोणीतरी तेवढाच भाग कापला होता.

‘मनाचा कौल ऐका’ असे आपण सहज म्हणतो. पण राईनपाड्याच्या जमावानेही मनाचेच ऐकले होते ना? मला वाटते, इथे दोन गोष्टींची गल्लत होते. मन खटकते तेव्हा ते ‘थांब, विचार’ म्हणते. भीती मात्र ‘धाव, मार’ म्हणते आणि विचारायला वेळच देत नाही.

सूरह हुजुरातमध्ये बेभरवशाच्या माणसाने आणलेल्या बातमीची छाननी करण्याचा आदेश आहे, नाहीतर अजाणतेपणी कोणाचे नुकसान कराल आणि पस्तावाल, असा इशाराही. भाष्यकार यामागचा प्रसंग सांगतात तो असा : बनू मुस्तलिक टोळीकडे जकात गोळा करायला एक जण निघाला. ते लोक स्वागताला बाहेर आले. हा घाबरला, वाटेतूनच परतला आणि त्यांनी जकात नाकारली, माझ्या जिवावर उठले, असे सांगून मोकळा झाला. युद्ध पेटायचीच बाकी होती. चौकशी झाली म्हणून ते टळले.

हजरत आयशा (रजि.) यांच्यावर तोहमत घेतली गेली, तेव्हा मदिनेत महिनाभर कुजबुज चालली. अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांनी पत्नीला एवढेच विचारले, तू असे केले असतेस का? ती म्हणाली, कधीच नाही. मग आयशा तर तुझ्यापेक्षा कितीतरी थोर, असे म्हणून त्यांनी विषय संपवला. साक्षीदार नव्हता, पुरावा नव्हता. स्वतःच्या घरात जे अशक्य वाटते, ते दुसऱ्याच्या घराबद्दल ऐकताना आपण इतके सहज का मानतो? हा प्रश्न मशिदीबाहेरच्या गप्पांत मुसलमानांनी आणि पारावरच्या गप्पांत इतरांनी स्वतःला विचारायला हरकत नाही. दुसऱ्या समाजाबद्दलचा मेसेज असला की आपल्या सगळ्यांचेच बोट जरा जास्त वेगाने चालते.

रोज्यात हलालचे पाणी समोर असूनही आपण मगरिबपर्यंत थांबतो. मेसेजसाठी दोन मिनिटे थांबणे त्याहून अवघड नसावे.

यंदाही तो जुना संदेश आमच्या ग्रुपवर आला. पाठवणारे नात्याने मामू, वयाने मोठे. मी अदबीने लिहिले, ‘‘मामू, कौनसी किताब में है?’’ बराच वेळ उत्तर नाही. तरावीहनंतर पाहिले, तर त्यांनी तो काढून टाकला होता.