पेंग्विनवाल्यांचं विरजण

वारकरी ओळखावा गळ्यातल्या माळेवरून, तसा लिनक्सवाला ओळखावा लॅपटॉपवरच्या पेंग्विनच्या स्टिकरवरून. तुम्ही सहज म्हणा, "अरे, कॉम्प्युटर हळू चालतो रे." झालं! "विंडोज वापरता ना? मग दुसरं काय होणार?" इथून जे प्रवचन सुरू होतं, त्यात चहा निवतो, पोहे गार होतात, पण काळ्या पडद्यावरची त्याची टकटक थांबत नाही. माऊसला हात लावणं या मंडळींना कमीपणाचं वाटतं. आपण दिवाळीला पडदे बदलतो, हे महिन्या-महिन्याला लिनक्स बदलतात.

बरं, पंथ तरी एक असावा! कुणी उबुंटूचा, कुणी डेबियनचा, कुणी फेडोराचा. उबुंटू निघालं डेबियनमधूनच, म्हणजे भावकीच. आणि भावकीतली भांडणं आपल्याला काय नवीन? 'व्हिम' आणि 'ईमॅक्स' हे मजकूर लिहायचे दोन प्रोग्राम. त्यांतला चांगला कोणता, हा वाद म्हणजे ठेचा अकोल्याचा झणझणीत की अमरावतीचा, तसला. निकाल लागत नाही आणि तो लागावा अशी कुणाची इच्छाही नसते.

हसू येतं खरं, पण यांची मूळ गोष्ट मला अगदी आपल्या बायकांची वाटते. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स लिहिलं आणि लोकांपुढे ठेवलं. घ्या, वापरा, सुधारा! हे तर विरजणच झालं. शेजारणीला चमचाभर दिलं म्हणून आपलं दही कमी होत नाही. आज आपल्या हातातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो.

आता तर त्याची गरज दाराशी आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ अनेक जुन्या संगणकांवर चढत नाही. आमच्या बचत गटाचा संगणक त्यातलाच. दुकानदार म्हणाला, नवा घ्या. अकोल्याचा भाचा म्हणाला, "कायले नवा घेतं मावशी?" आणि दुपारभरात त्याने लिनक्स चढवलं, तेही फुकट. मराठी अक्षरं उमटली, हिशेबाचा तक्ता उघडला. मग प्रिंटर अडला. गटातल्या एकीने विचारलं, तर उत्तर आलं, "सोपं आहे काकू, मॅन्युअल वाचा." ते मॅन्युअल इंग्रजीत!

माझं भांडण आहे ते इथे. वस्तू मोकळ्या हाताने द्यायची आणि रीत विचारली की "मीठ अंदाजाने" म्हणायचं, हा जुन्या सासवांचा खाक्या झाला. केरळच्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकताहेत, कारण तिथे शिक्षकांना प्रशिक्षण दिलं आणि पुस्तकं मल्याळममध्येही काढली. आपले गाडगेबाबा कीर्तनात लोकांना वऱ्हाडी बोलीतच प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढत.

तेव्हा अमरावती-अकोल्याच्या पोरांनो, सुट्टीत एखाद्या शाळेचा, एखाद्या गटाचा जुना संगणक जरूर चालता करा. पण उठण्याआधी तिथल्या बाईला खुर्चीत बसवा, तिच्या हाताने करून घ्या आणि पायऱ्या मराठीत कागदावर लिहून ठेवा. आणि मैत्रिणींनो, आपणही "आपल्याला नाही बाई जमत" म्हणून मागे सरायचं नाही. दहादा विचारायचं. चहा-पोह्यांचं आमच्याकडे लागलं.