खिशातले खडे

१८१९ च्या जुलैत वेल्समधल्या कार्मार्थन गावी, आयव्ही बुश नावाच्या सरायीच्या बागेत एका म्हाताऱ्या पाथरवटाने खिशातून मूठभर खडे काढले आणि हिरवळीवर गोल मांडले. झाली प्राचीन ड्रुइडांची, म्हणजे केल्टिक पुरोहितांची, सभा! त्याचे नाव एडवर्ड विल्यम्स, पण तो ओळखला जातो इओलो मॉर्गानुग या टोपणनावाने. अफूच्या अर्काचे व्यसन, अस्सल काव्यशक्ती आणि जुनी हस्तलिखिते बनवण्यात हातखंडा. आपला विधी ड्रुइडांपासून अखंड चालत आला आहे, असे तो शपथेवर सांगे. तो त्याच्याच डोक्यातून निघाला होता, हे विसाव्या शतकात अभ्यासकांनी उघड केले.

खऱ्या ड्रुइडांविषयी हाती आहेत ती मुख्यतः रोमनांची टिपणे. सीझर म्हणतो, काहीजण वीस वर्षे पाठांतर करत आणि विद्या लिहून ठेवणे निषिद्ध मानत. प्लिनीने ओकवरचे बांडगूळ सोन्याच्या विळ्याने कापल्याचे वर्णन केले आहे. (आंब्यावर तेच दिसले की आपला बागाईतदार कोयता शोधतो.) इ. स. ६० च्या सुमारास रोमन फौजेने अँगलसी बेटावरच्या त्यांच्या देवराया तोडल्या. पुढे धागाच सापडत नाही. म्हणून तर ज्याला जे हवे ते जोडता आले. १७४० मध्ये विल्यम स्टुकलीने स्टोनहेंज ड्रुइडांच्या नावावर चढवले, जे त्यांच्या पहिल्या उल्लेखाच्या दोन हजार वर्षे आधीच उभे होते. १७९० मध्ये कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये रूबेन बरोने लिहून टाकले की ड्रुइड म्हणजे ब्राह्मणच. हौसेला मोल नसते.

पण बनावटीला मोल असते आणि ते दुसऱ्यांना भरावे लागते. इओलोच्या कागदांनी वेल्श साहित्याच्या अभ्यासकांना शंभर वर्षे चकवले. ‘श्रद्धेचा प्रश्न आहे’ म्हणून हे झाकू नये.

आज स्वतःला ड्रुइड म्हणवणाऱ्यांतल्या जाणत्यांनी ते झाकलेले नाही, आणि माझ्या मते त्यांचे खरे आयुष्य तिथूनच सुरू होते. १९६३ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजच्या मुलांनी सक्तीच्या प्रार्थनेला वैतागून, गंमत म्हणून ड्रुइड पंथ काढला. पुढल्याच वर्षी सक्ती उठली. गंमत संपायला हवी होती, पण मुले टेकडीवर जमतच राहिली. त्याच १९६४ मध्ये रॉस निकोल्स या शिक्षकाने इंग्लंडमध्ये बार्ड, ओव्हेट आणि ड्रुइड अशा तीन पायऱ्यांचा संघ स्थापला आणि वर्षाला आठ सणांची चौकट दिली: दोन अयनदिन, दोन विषुवदिन आणि त्यांच्या मधले चार.

ही चौकट घरात उतरते ती अशी. पाच-दहा जणांचा गट, त्याला ते ‘ग्रोव्ह’ म्हणजे राई म्हणतात. सण आला की कुणाच्या परसात किंवा जवळच्या रानात जमायचे, चारी दिशांना तोंड करून शांती मागायची, गोष्ट किंवा कविता म्हणायची, पाव नि मध-मद्य वाटून घ्यायचे, थोडे मातीला द्यायचे. लग्नात वधूवरांचे हात दोरीने बांधायचे. रस्त्यासाठी झाडे पडणार असतील, तर पांढरा झगा घालून बुलडोझरपुढे उभेही राहायचे. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूबरीला काहीजण असे उभे राहिले होते. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये ४,१८९ जणांनी धर्म ‘ड्रुइड’ लिहिला. आपल्याकडचे एक मोठे गाव, बस्स. २०१० मध्ये तिथल्या धर्मादाय आयोगाने ड्रुइड नेटवर्क या संस्थेला धार्मिक संस्था म्हणून मान्यता दिली. तपासले ते हे की भक्ती कशाची, आचार कोणता, त्यातून लोकांचे भले काय. सीझरच्या काळापर्यंतची वंशावळ कुणी मागितली नाही.

इओलोची सभा, गोर्सेद, अजून भरते. वेल्सच्या राष्ट्रीय आइस्टेडफॉडमध्ये, म्हणजे त्यांच्या साहित्य-संगीत संमेलनात, विजेत्या कवीच्या डोक्यावर अर्धवट उपसलेली तलवार धरून मुख्य ड्रुइड तीनदा विचारतो, ‘शांतता आहे ना?’ आणि तिन्ही वेळा मंडप ‘शांतता’ म्हणून गर्जतो. संमेलन दरवर्षी गाव बदलते. पूर्वी यजमान गावात खरे दगड रोवत. आता फायबरग्लासचे दगड बरोबर फिरतात, हलके आणि उचलायला सोपे.