भंगारवालाही घेईना!

वर्कशॉपच्या मागे एक जुनी फायबरग्लासची कनू कित्येक वर्षं उलटी पडून होती. तळाला वीतभर चीर. भंगारवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "फायबर आम्ही घेत नाही." त्याचंही बरोबर. पॉलिएस्टर रेझिन एकदा कडक झालं, की परत वितळत नाही. म्हणजे रस्ते दोनच, दुरुस्ती नाहीतर कचरा. आम्ही चौघांनी दुरुस्ती घेतली.

चिरेच्या कडा पॉलिश पेपरने उतरत्या घासल्या, अ‍ॅसिटोनने पुसल्या, मग ग्लास मॅट रेझिनमध्ये भिजवून थरावर थर दिले. हार्डनर घालायचं असतं साधारण १ ते २ टक्के. पहिल्याच दिवशी मी ते अंदाजाने ओतलं. डबा चटके द्यायला लागला, धूर निघाला आणि बघता बघता सगळं रेझिन दगड! एक्झोथर्मिक रिअ‍ॅक्शनची व्याख्या मी व्हायवात घडाघडा म्हटली होती. हातात आली तेव्हा मात्र ओळखली नाही.

मित्रांनो, जर्नल कॉपी करता येतं, चीर कॉपी करून बुजत नाही. आपले लेक्चर्स संपतात आणि त्याच वेळी वर्कशॉपला कुलूप लागतं. सर, आठवड्यातून दोन संध्याकाळी ते उघडं ठेवा ना. मास्क, हातमोजे आम्ही आणू. मार्क्स नकोत.

आणि हो, कनू तरंगते. जराशी डावीकडे कलते, पण पाणी आत येत नाही. (मराठी कॉन्व्हेंटचं आहे, चुका सांभाळून घ्या!)