जमिनीचा नियम आणि त्याचा अपवाद

जमिनीचे कायदे हा विषय शाळेच्या वार्षिकात शोभतो काय, अशी शंका आमच्या कित्येक वाचकांस येईल. मुलांनी भूगोलात नद्या व पर्वत शिकावे, नागरिकशास्त्रात ग्रामपंचायतीची कर्तव्ये पाठ करावी, आणि सातबारा, बिनशेती, ग्रीन झोन हे शब्द वडीलधाऱ्यांकडे सोपवावे, अशी साधारण समजूत आहे. आमचे मत निराळे आहे. आज वर्गात बसणाऱ्या मुलामुलींपैकी कित्येकांच्या घरी थोडीबहुत जमीन असते. ज्यांच्या घरी नसते, त्यांचे आईबाप एखादा लहानसा प्लॉट घेण्याच्या उमेदीने पै पै साठवीत असतात. या दोघांचेही भवितव्य ज्या नियमांवर अवलंबून आहे, ते नियम कसे होतात, कसे बदलतात आणि कसे मोडले जातात, हे समजून घेणे हा विद्येचाच एक भाग होय.

याकरिता आम्ही एका दूरदेशीची हकीकत निवडली आहे. ती निवडण्याचे कारण असे की, शेतजमिनीवर घरे बांधू द्यावी की नाही, हा प्रश्न तेथे पन्नास वर्षांत पुन्हा पुन्हा थेट मतदारांपुढे ठेवण्यात आला, आणि मतदारांनी कधी एक व कधी दुसरे उत्तर दिले. दोन्ही उत्तरांचे परिणाम जेथे पाहावयास मिळतात, असे स्थळ विचार करणाऱ्यास फार उपयोगी पडते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पॅसिफिक महासागराच्या काठी ऑरेगन नावाचे राज्य आहे. त्याचे 36 विभाग असून त्यांस काउंटी म्हणतात. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखाच प्रकार. या राज्याच्या पश्चिमेस दोन पर्वतरांगांच्या मध्ये विलॅमेट नदीचे सुमारे दीडशे मैल लांबीचे खोरे आहे. हिमयुगाच्या अखेरीस आलेल्या प्रचंड पुरांनी येथे गाळाचे थर आणून टाकले, म्हणून ही माती अत्यंत कसदार झाली. गवताचे बी, हेझलनट नावाचे कवचीचे फळ, नाना प्रकारची बोरवर्गीय फळे व द्राक्षे यांविषयी हे खोरे प्रसिद्ध आहे. परंतु पोर्टलंड, सेलम व यूजीन ही मोठी शहरेही याच खोऱ्यात वसली आहेत, आणि राज्यातील बहुसंख्य लोकवस्ती येथेच आहे. जेथे माती सर्वांत उत्तम, तेथेच घरांची मागणी सर्वांत अधिक. हा पेच आपणांसही अपरिचित नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर शहरे पसरू लागली व शेतांचे प्लॉट पडू लागले. तेव्हा लिन काउंटीतील हेक्टर मॅकफर्सन या दुग्धव्यावसायिक शेतकऱ्याने, जे राज्याच्या सेनेटचे सभासदही होते, या प्रश्नास हात घातला; आणि गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी आपले वजन त्या बाजूस टाकले. त्यातून 1973 साली एक कायदा झाला. त्याअन्वये प्रत्येक शहराने व प्रत्येक काउंटीने आपापल्या जमिनीची योजना आखावी, शहराभोवती वाढीची सीमा ठरवावी, तीत पुढील वीस वर्षांच्या गरजेपुरती जागा ठेवावी, आणि सीमेबाहेरील कसदार जमीन केवळ शेतीकरिता राखावी, असे ठरले. राखलेल्या जमिनीवर कर आकारावयाचा तो तिच्या शेतीच्या मोलावरून, घरबांधणीच्या मोलावरून नव्हे. पुढे 1993 साली असेही ठरले की, अशा शेतजमिनीचा नवा तुकडा सामान्यतः 80 एकरांहून लहान असू नये, व चराऊ रानाचा 160 एकरांहून.

हा निर्बंध पुष्कळांस जाचक वाटेल. परंतु त्यामागील विचार साधा आहे. शेताच्या मधोमध पाच-पन्नास घरे उभी राहिली म्हणजे केवळ तेवढीच जमीन जाते असे नाही. फवारणीचा वास येतो म्हणून नवे रहिवासी तक्रार करतात. रात्री यंत्र चालले की त्यांची झोपमोड होते. अरुंद रस्त्यावर ट्रॅक्टरला वाट मिळत नाही. एकाच भूगर्भातील पाणी विहिरी व घरे यांत वाटले जाते. आणि शेजारच्या जमिनीचा भाव इतका चढतो की, शेती करणाऱ्या तरुणास ती विकत घेणे कायमचे अशक्य होते. तात्पर्य, एका शेतावर बांधलेल्या घरांचा भार दहा शेतांवर पडतो. शिवाय शेताचे घर एकदा झाले की घराचे पुन्हा शेत होत नाही.

तथापि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती दडपून टाकणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ज्या मनुष्याने 1965 साली काही एकर जमीन घेतली, म्हातारपणी तिचे दोन-तीन प्लॉट पाडून मुलांस द्यावे किंवा विकून उदरनिर्वाह करावा असा बेत केला, त्याचा बेत 1973 नंतर कागदाच्या एका फटक्याने नाहीसा झाला. त्याने काही अपराध केला नव्हता. सर्वांच्या हिताचा भार एकट्याने का वाहावा, हा त्याचा प्रश्न न्यायाचा होता. कायदा रद्द करण्याचे ठराव 1976, 1978 व 1982 या तिन्ही साली मतदारांनी फेटाळले. शेवटच्या वेळी तर मॅकॉल यांनी दुर्धर आजारातही कायद्याच्या बाजूने प्रचार केला व पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. परंतु तीनदा मते जिंकली म्हणून त्या म्हाताऱ्या मालकाचे गाऱ्हाणे मिटले असे नव्हते. जे गाऱ्हाणे ऐकले जात नाही ते कोठे ना कोठे वाट काढते.

ती वाट 2004 साली निघाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात शेकडा 61 मतांनी असा ठराव मंजूर झाला की, नियमामुळे एखाद्याच्या जमिनीची किंमत उतरली असेल तर सरकारने त्यास भरपाई द्यावी. ती देता येत नसेल तर तो नियम त्याच्यापुरता माफ करावा. मात्र ही सवलत नियम होण्यापूर्वीपासून जमीन धारण करणाऱ्यासच मिळावी. ऐकावयास हे किती समंजस वाटते! परंतु भरपाई देण्याइतका पैसा काउंट्यांच्या तिजोरीत नव्हता. म्हणून जवळजवळ सर्वत्र माफीच देण्यात आली. सात लाख एकरांहून अधिक जमिनीसंबंधी हजारो अर्ज आले. मॅकफर्सन व इतर काही जण या ठरावाविरुद्ध न्यायालयात गेले, परंतु 2006 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला.

आता याचा परिणाम पाहा. समजा, एका बांधाच्या दोन बाजूंस दोन शेतकरी आहेत. एकाने जमीन 1970 साली घेतली व दुसऱ्याने 1980 साली. माती एक, पाणी एक, रस्ता एक. पहिल्यास वीस घरे बांधण्याची मोकळीक मिळाली. दुसऱ्यास एकही नाही. इतकेच नव्हे, तर दुसऱ्याने ही जमीन घेतली ती शेजारी शेतच राहील या नियमावर विश्वास ठेवून. आता पहिल्याच्या घरांचा सर्व उपद्रव मात्र त्याच्या पदरी. ज्याने नियम पाळला तोच फसला! नियमाचा जाच दूर करण्यास निघालेल्या लोकांनी नकळत दुसरा अन्याय उभा केला. कारण त्यांनी नियम बदलला नाही, नियम तसाच ठेवून त्यास मनुष्य पाहून भोके पाडली.

मतदारांस हे दिसून येण्यास तीन वर्षे पुरली. 2007 सालच्या नोव्हेंबरात शेकडा 62 मतांनी दुसरा ठराव मंजूर झाला. तो विधिमंडळात सिद्ध करणाऱ्या समितीच्या दोन अध्यक्षांपैकी एक मॅकफर्सन यांचे पुत्र ग्रेग हे होते, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. या ठरावाने जुन्या मालकांस झिडकारले नाही. पात्र मालकास साधारणपणे तीन घरांपर्यंत परवानगी द्यावी. नुकसान सिद्ध करून दाखविल्यास दहापर्यंत, परंतु उत्तम कसाच्या जमिनीवर तीनांहून अधिक नाही. आणि मिळालेला हक्क जमीन विकत घेणाऱ्यासही लागू व्हावा, असे त्यात ठरले. म्हाताऱ्या आईबापांची सोय झाली. मोठमोठ्या वसाहतींचा मार्ग बंद झाला. येथे मर्यादा सर्वांस अगोदर ठाऊक होती, आणि ती जमिनीचा कस पाहून ठरली होती.

याहून अलीकडचे उदाहरण 2021 सालचे आहे. घरांची टंचाई वाढल्यामुळे ऑरेगनच्या विधिमंडळाने काउंट्यांस असा अधिकार दिला की, सीमेबाहेरील पण अगोदरच राहत्या घरांकरिता ठरविलेल्या ग्रामीण पट्ट्यांत एका प्लॉटवर एक जोडघर बांधू द्यावे. अटी स्पष्ट आहेत: प्लॉट किमान दोन एकरांचा असावा, जोडघर 900 चौरस फुटांहून मोठे नसावे, ते मूळ घरापासून 100 फुटांच्या आत असावे, आणि पर्यटकांस भाड्याने देण्याकरिता ते वापरू नये. ही मोकळीक द्यावी की नाही, हे ज्या त्या काउंटीने ठरवावयाचे. शेतीकरिता राखलेल्या जमिनीस यात हात लागलेला नाही. नियम कसा बदलावा याचा हा नमुना आहे, असे आम्हांस वाटते. गरज उघडपणे मांडली गेली. अटी अगोदर लिहिल्या गेल्या. आणि त्या अटींत बसेल त्या प्रत्येकास, मग तो कोणी का असेना, सारखाच लाभ ठेवला गेला.

कोणी म्हणेल, नियमांची ही गोष्ट पोट भरलेल्यांची आहे. ज्यास राहावयास घर नाही त्यास बोरांच्या मळ्यांचे काय कौतुक? हा आक्षेप वजनदार आहे. शेत राखावयाचे आणि शहरात घरास जागाही द्यावयाची नाही, असे केल्यास घरांचे भाव चढतात व गरिबाची कोंडी होते. म्हणूनच सीमेच्या आत पुरेशी जागा ठेवणे हे सीमेबाहेर बंदी घालण्याइतकेच बंधनकारक असले पाहिजे. परंतु या कोंडीवर उपाय म्हणून एकेकास खासगीत सूट देण्याची प्रथा पडली, तर तिचा लाभ बेघरास होत नाही. कचेरीचे उंबरठे झिजविण्यास ज्यास वेळ आहे, वकिलास देण्यास ज्याच्यापाशी पैसा आहे, आणि ज्याची कोठे ओळख आहे, त्यासच तो होतो.

हा धोका परदेशापुरता नाही. शेजारच्या गोव्यात 2023 साली नगरनियोजनाच्या कायद्यात कलम 17(2) घालण्यात आले. प्रादेशिक आराखड्यातील अनवधानाने झालेल्या चुका दुरुस्त करावयाच्या, असा त्याचा हेतू सांगण्यात आला. प्रत्यक्षात मालकांच्या अर्जांवरून एकेका भूखंडाचा पट्टा बदलला जाऊ लागला. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालील नियम रद्द ठरविले. महाराष्ट्रातही 2001 साली गुंठेवारीचा कायदा होऊन तोवर पडलेले अनधिकृत प्लॉट नियमित करण्याची सोय झाली, आणि 2021 साली तीच मुदत 2020 च्या अखेरीपर्यंत वाढविण्यात आली. ज्या कुटुंबांनी आयुष्याची कमाई अशा प्लॉटात घातली, त्यांस रस्त्यावर काढावे असे आम्ही कदापि म्हणणार नाही. परंतु वीस वर्षांत एकच क्षमा दोनदा करावी लागली, यावरून मूळ नियमच गरजेप्रमाणे वेळीच बदलला गेला नाही हे उघड होते. आणि ज्याने थांबून, परवानगी काढून, अधिक पैसे मोजून प्लॉट घेतला, त्यास आपण मूर्ख ठरलो असे वाटल्यास नवल नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे. जमिनीचा नियम हा दगडावरचा लेख नव्हे. लोकसंख्या वाढते, धंदे बदलतात, तेव्हा तो बदलणे प्राप्तच आहे. परंतु बदलावयाचा तो सर्वांकरिता, सर्वांसमक्ष व जमिनीकडे पाहून. एकाकरिता, बंद दाराआड व मालकाकडे पाहून नव्हे. आणि ज्यांच्यावर नियमाचा अधिक भार पडतो, त्यांची तजवीज नियमातच असावी, म्हणजे पुढे त्यांस अपवादाच्या मागे धावावे लागणार नाही.

पालकवर्गास आमची विनंती आहे की, आपल्या गावाचा आराखडा प्रसिद्ध होऊन हरकती मागविल्या जातील, तेव्हा ती मुदत वाया दवडू नये. प्लॉट घेताना विकणाऱ्याच्या शब्दाबरोबर सातबारा व आराखड्यातील पट्टाही पाहावा. कागद कंटाळवाणे असतात, पण पश्चात्तापाइतके नव्हे. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही नकाशा वाचावयास शिकला आहा. आपल्या गावाचा नकाशा एकदा मिळवून पाहा. त्यात शेत कोठे, गावठाण कोठे, पाण्याची वाट कोठे, हे हुडकून काढा, आणि ग्रामसभेस जाणाऱ्या वडीलधाऱ्यांस ते समजावून सांगा. आज जे शिवार त्या नकाशात हिरवे दाखविले आहे, ते तुमच्या मुलांच्या वेळी कसे असेल, हे ठरविणाऱ्यांत तुमचीही गणना होणार आहे.