न्हाणीघरातील उजेड कोणासाठी?

घराविषयी मराठीत जे ललित लेखन झाले आहे, त्यात ओटी, माजघर, देवघर, परसदार यांना मानाची जागा मिळालेली दिसते. न्हाणीघराच्या वाट्याला मात्र, निदान आमच्या वाचनापुरते बोलायचे तर, फार थोडे आले. दिवसाचा आरंभ जिथे होतो, माणूस जिथे खऱ्या अर्थाने एकटा असतो आणि उतारवयात जिथे पाऊल टाकताना सर्वांत अधिक धास्ती वाटते, त्या जागेविषयी आपण एक तर विनोद करतो किंवा मौन पाळतो. गेले चार महिने आमच्या घरी याच जागेच्या नूतनीकरणाचा विचार चालू आहे. त्या निमित्ताने मनात जे आले, ते येथे मांडत आहोत. विषय गवंड्याचा आणि वायरमनचा आहे, हे खरे. पण तो वाचनाचाही आहे, असे आम्हांस वाटते.

निमित्त साधे आहे. पुण्यातील आमची सदनिका गेल्या शतकाच्या नवव्या दशकात बांधलेल्या इमारतीत आहे. मागील पावसाळ्यात एका रात्री तीनच्या सुमारास आमची आई न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडली. मनगटावर निभावले. तिने दिवा लावला नव्हता. का लावला नाही, असे विचारता ती म्हणाली, "तो दिवा लावला की डोळ्यांपुढे नुसतं पांढरं होतं. आणि मग सकाळपर्यंत झोप नाही." तो पांढराशुभ्र, झगझगीत दिवा दोन वर्षांपूर्वी आम्हीच हौसेने बसवला होता. 'आईला नीट दिसावे' हाच त्यामागील हेतू होता. ज्याच्यासाठी दिवा लावला, त्याने त्याच दिव्याला भिऊन अंधारात चालावे, या विसंगतीने आम्हांस विचारात पाडले.

साहित्याच्या माणसाचा पहिला उपाय म्हणजे पुस्तक काढणे. जुनिचिरो तानिझाकी या जपानी कादंबरीकाराचा छायेची प्रशस्ती करणारा दीर्घ निबंध १९३३-३४ साली प्रसिद्ध झाला आणि १९७७ साली त्याचा इंग्रजी अनुवाद आला. सौंदर्यविचारात रस असणाऱ्या आपल्या वाचकांपैकी अनेकांनी तो वाचला असेल. त्याचा आरंभ होतो तो घरबांधणीच्या अडचणींनी. पारंपरिक पद्धतीचे घर बांधायचे तर विजेच्या तारा, गॅसच्या आणि पाण्याच्या नळ्या लपवायच्या कुठे, येथून लेखक निघतो आणि लवकरच शौचगृहापाशी येतो. मुख्य घरापासून दूर, झाडीच्या सान्निध्यात असलेली, मंद प्रकाशाची ती जागा त्याला मनःशांतीचे स्थान वाटते. पांढऱ्या फरश्यांनी लखलखणारे पाश्चात्त्य धर्तीचे न्हाणीघर त्याला बोचते. पुढे लाखेची भांडी, कागदी पडदे, रंगभूमी असा फिरत तो निबंध साऱ्या संस्कृतीचा विचार करतो.

विद्यार्थ्यांना हा निबंध आम्ही आवडीने वाचायला सांगत आलो. त्याची मोहिनी आजही आम्हांस नाकारता येत नाही. परंतु आईचे मनगट प्लास्टरमध्ये असताना तो पुन्हा वाचला, तेव्हा एक प्रश्न पानापानांवर आडवा येऊ लागला: अंधार परवडतो कोणाला?

आपल्या जुन्या वाड्यांकडे याच प्रश्नाने पाहावे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक मोरी असे. तिच्यातच भांडी घासली जात, तिथेच आडोसा करून घरातील बायका अंघोळ उरकत. उजेड कमी असे, कारण तिथे काही 'पाहण्यासारखे' असते, असे कोणाला वाटलेच नाही. आज स्मरणरंजनात तो अंधार मायेचा, ओलसर, गूढ वाटतो. त्या अंधारात पाठ वाकवून भांडी घासणारीला तो तसा वाटला असेल काय? शौचकूप तर मागच्या बोळाच्या बाजूला असत. मैल्याची टोपली उचलणारा माणूस त्या बोळातून येई आणि जाई; घरच्यांना त्याचे तोंड दिसू नये, अशीच ती रचना होती. ती प्रथा बेकायदा ठरवण्यासाठी १९९३ आणि पुन्हा २०१३ साली कायदे करावे लागले. काळोखाचे सौंदर्य वर्णन करताना त्या काळोखाने काय काय झाकले होते, हे विसरणे समीक्षकाला शोभत नाही.

म्हणून आम्ही झगझगाटाची बाजू घ्यावी काय? तसेही नाही. एके काळी आपल्या घरांत ट्यूबलाइट आली, तेव्हा तिचा पांढरा उजेड प्रगतीची खूण मानला गेला. पिवळा बल्ब गरिबीचा ठरला. २०१४ साली निळ्या एलईडीच्या शोधासाठी तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. २०१५ साली सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून आपल्या देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. विजेची मोठी बचत झाली, हे निर्विवाद. पण पांढरा म्हणजे चांगला ही जुनी समजूतही त्यांच्याबरोबर घरोघर पक्की झाली. दुकानात गेलो, तर न विचारता हातात पडतो तो ६,५०० केल्विनचा, निळसर छटेचा दिवा. जुन्या तारेच्या बल्बचा उजेड २,७०० केल्विनच्या आसपासचा. हा आकडा जेवढा मोठा, तेवढा उजेड थंड आणि निळसर. प्रखरतेशी त्याचा संबंध नाही, ती ल्युमेनमध्ये मोजतात. खोक्यावर दोन्ही छापलेले असते, आपण मात्र वॅट तेवढे वाचतो. रात्री निळसर उजेड डोळ्यांत गेला, तर झोपेशी निगडित मेलाटोनिन या संप्रेरकाची निर्मिती मंदावते. आई झोपेविषयी जे म्हणाली, ते तिच्या वयाचे कुरकुरणे नव्हते, शरीरशास्त्र होते.

वृद्ध डोळ्याची अडचण दुहेरी आहे. बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर, गढूळ होत जाते. त्यामुळे साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणजे उजेड अधिक हवा. पण त्याच गढूळपणामुळे प्रखर दिव्याची तिरीप डोळ्यांत विखुरते आणि माणूस दिपतो. म्हणजे उजेड अधिक हवा आणि तो डोळ्यांवर येता कामा नये. आमच्या न्हाणीघरात नेमके उलटे होते: छताच्या मध्यभागी एकच उघडा दिवा, खाली गुळगुळीत चकाकणारी पांढरी फरशी, पांढरी भिंत, पांढरे कमोड आणि त्याच रंगाचा संगमरवरी उंबरा. पांढऱ्यावर पांढरे. कडा कुठे संपते आणि जमीन कुठे लागते, हे कळावे तरी कसे? अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांखालोखाल पडण्याचा क्रम लागतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांत साठीपुढील माणसे सर्वाधिक. आम्ही देखणेपणाच्या हौसेने एक सापळाच तयार केला होता.

मग काय ठरवले? पहिली गोष्ट म्हणजे क्रम उलटा केला. आपल्याकडे आधी टाइल्स निवडतात, मग नळ, आणि दिवे शेवटी, उरल्यासुरल्या पैशांत. पण तारांसाठी भिंतीत चर पाडायचे, ते फरशी बसण्यापूर्वी. आधाराचा दांडा भक्कम विटांत रोवायचा, त्याची जागाही आधीच ठरायला हवी. म्हणून प्रथम एक कागद घेऊन त्यावर आईचा रात्रीचा मार्ग काढला: पलंग, दार, उंबरा, कमोड, वॉशबेसिन. दिवे त्या मार्गाने ठरले. जमिनीपासून वीतभर उंचीवर एक मंद, पिवळसर दिवा, चाहूल लागताच आपोआप उजळणारा. आरशाच्या वर दिवा लावला, तर चेहऱ्यावर सावल्या पडतात. म्हणून आरशाच्या दोन्ही बाजूंना झाकलेले दिवे. छतावर एक, दुधी काचेआडचा, दिवसा साफसफाई करणाऱ्या बाईंना कोपरा न् कोपरा दिसावा म्हणून. त्यांनाही आम्ही विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "कमोडच्या मागं काय दिसत नाय, हातानं चाचपून घासावं लागतं." इतकी वर्षे हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते, कारण आम्ही कोणाला विचारलेच नव्हते.

दुसरी गोष्ट म्हणजे उंबरा काढून टाकला. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो असतो. तेच काम फरशीला मीटरमागे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उतार देऊन होते. फरशी खरबरीत आणि गडद, कमोड पांढरे. दार बाहेर उघडणारे, कारण आत पडलेल्या माणसाच्या अंगावर दार उघडता येत नाही. कडी बाहेरूनही काढता येईल अशी. दिवे ओलाव्यात टिकणारे, आणि विजेच्या फलकात ३० मिलिअँपिअरवर प्रवाह तोडणारे संरक्षण. यांपैकी एकही गोष्ट पाहुण्यांच्या नजरेत भरणारी नाही.

आराखडा करताना प्लंबरच्या तोंडी 'नहाणी ट्रॅप' हा शब्द आला आणि आम्ही चमकलो. जमिनीतील सांडपाण्याच्या जाळीखाली बसणारे ते पात्र. आपण सुशिक्षितांनी 'न्हाणीघर' टाकून 'बाथरूम' घेतले, पण स्ना धातूपासून आलेला तो जुना शब्द कामगारांच्या बोलीत, अगदी अभियांत्रिकीच्या पुस्तकांतही, टिकून राहिला. मुलगी वयात आली की 'न्हाण आले' म्हणत, तोही याच कुळातील शब्द. शरीराविषयी उघड बोलणारी भाषा आपल्याकडे होती. तिच्यावरील दिवा आपणच मालवला.

आणि उजेड व न्हाणे यांची भेट घडवणारा एक दिवसही आपल्याकडे आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे अंधारात अंगाला तेल-उटणे लावायचे, बंबातील कढत पाणी घ्यायचे, आणि स्नान चालू असतानाच आई निरांजन घेऊन ओवाळायला यायची. त्या निरांजनाचा प्रकाश खोली उजळण्यासाठी नसे. तो एका माणसाच्या चेहऱ्यापुरता असे, आणि तो हातात धरणाऱ्याला ठाऊक असे की आपण कोणाला पाहत आहोत. तानिझाकीने मंद प्रकाशाची थोरवी गायिली. आमच्या मते प्रकाश मंद की प्रखर, हा प्रश्न दुय्यम आहे. तो कोणाकडे पाहून लावला आहे, हा खरा प्रश्न.

त्या इंग्रजी अनुवादाच्या अखेरीस एक आठवण दिली आहे. तानिझाकी नवे घर बांधणार होते. वास्तुविशारदाने अभिमानाने सांगितले की, मी आपला निबंध वाचला आहे, आपल्याला काय हवे ते मला नेमके ठाऊक आहे. त्यावर तानिझाकी उत्तरले, छे, तसल्या घरात मला राहता यायचे नाही. विद्यार्थ्यांना हा निबंध शिकवताना ही आठवण पूर्वी आम्ही गंमत म्हणून सांगत असू. यापुढे ती धड्याचा भाग म्हणून सांगू. निबंधाला छाया हवी असते. घरात मात्र रात्री तीन वाजता उठणारे कोणी तरी असते.

पुढील आठवड्यात गवंडी येईल. दिवाळीपूर्वी काम पुरे होईल, असे तो म्हणतो. झाले, तर यंदा पहाटे निरांजन आम्ही धरू आणि पाटावर आई बसेल.